जाते, फुगडी आणि सूर्यनमस्कार : आधीच्या पिढ्यांतील आयांचा व्यायाम



मी रायपूरच्या गुढियारी भागात राहते आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवते. इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नाही. पण पहिल्या वर्षाच्या वर्गात कार्य, शक्ती आणि कार्यक्षमता शिकवताना मी जात्याचे उदाहरण घेते, आणि दर वर्षी कोणीतरी हमखास म्हणते, "मॅडम, म्हणूनच आमच्या आजीला कधी जिमला जावं लागलं नाही." वर्ग हसतो. त्यातल्या काही मुलींच्या आया सकाळी पाचला उठून डबे करून कामावर जातात, त्या मुली मात्र फारशा हसत नाहीत. कारण या वाक्यात आजीचे कौतुक आहे तसा आईला एक टोमणाही आहे.

या टिपणात ते वाक्य तपासून पाहायचे आहे. आधीच्या पिढ्यांतल्या आया तंदुरुस्त कशामुळे राहत होत्या, आणि मुळात राहत होत्या का?

जात्यावर

माझी आजी वर्धा जिल्ह्यातली. लग्नानंतर आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे ती रायपूरला आली. त्या काळी हे स्थलांतर परमुलखातले वाटत नसे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगड नागपूरशी जोडलेले होते, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. आजी येताना जाते घेऊन आली. माहेरी ज्वारी दळायची सवय होती, इथे भात. त्यामुळे दळण कमी झाले आणि कांडण वाढले. हातातले काम खांद्यावरून कंबरेवर आले, असे ती म्हणायची.

जात्याची रचना सोपी आहे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, त्याला लाकडी खुंटा. एक पाय लांब सोडून आणि दुसरा दुमडून बसायचे, एका हाताने फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने वैरण घालायची. दळण मोठे असेल तर दोघी समोरासमोर बसत, कारण खुंटा ओढणे आणि ढकलणे वाटून घेता येई. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावायला उशीर झाला की तेच पीठ काढायला जास्त फेरे लागत.

आता थोडा हिशेब. सवयीची बाई हाताने सुमारे ५० वॅट शक्ती तासभर देऊ शकते असे धरू. एका तासात १८० किलोज्यूल कार्य झाले. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तर शरीराने खर्च केले ९०० किलोज्यूल, म्हणजे साधारण २१५ किलोकॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतून एवढीच ऊर्जा मिळते. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटरची बादली ओढण्याचे कार्य एक किलोज्यूलही भरत नाही. चाळीस बादल्या ओढल्या तरी वरच्याच कार्यक्षमतेने पन्नासच्या आत किलोकॅलरी. दोराचे वजन, घर्षण आणि डोक्यावरून नेण्याचे श्रम त्यात वेगळे. मुलांना हे आकडे लहान वाटतात. पण हे काम रोजचे होते, दिवसात ते एकटेच नव्हते, आणि बहुतेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवायची. खर्चाच्या बाजूला एक भाकरी लिहिली, तर जमेच्या बाजूला ती भाकरी तिच्या ताटात उरली होती का, हेही लिहावे लागते.

व्यायाम आणि कष्ट यांतला फरक इथे आहे. व्यायाम करणारा दमला की थांबतो, उद्या थोडे वाढवतो, आजारी असला तर सुट्टी घेतो. दळणारी बाई पीठ पुरेल तेव्हाच थांबते. एकाच खांद्याने, एकाच दिशेने, वर्षानुवर्षे. कुठल्याही प्रशिक्षकाने असा व्यायाम सांगितला नसता.

हे त्या बायकांना कळत नव्हते असे मुळीच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सामान्य बायकांनी स्वतःबद्दल काय म्हटले याचा एवढा मोठा साठा इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच मिळतो. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, सासुरवास आहे. दुखणारे हात आहेत आणि दळण सरल्याची सुटकाही आहे. शरीर कमावल्याचा अभिमान शोधायला गेलात तर तो अगदी नाही असे नाही, पण तो बहुधा आईच्या नावाने येतो : तिने पोसले म्हणून एवढे दळता आले.

खेळाच्या रात्री

मग त्यांना मोकळी हालचाल कधीच मिळत नव्हती का? मिळत होती, आणि तिची सोय सणांनी केली होती.

श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर. लग्नानंतर पहिली पाच वर्षे ही पूजा, आणि रात्री जागरण. झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, किस बाई किस, सूप नाचवणे, लाट्या : यांतला प्रत्येक खेळ करून पाहा म्हणजे कळेल. फुगडीत दोघी एकमेकींचे हात धरून मागे झुकतात आणि गिरकी घेतात. केंद्रापसारक बल शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. कोंबड्यात उकिडवे बसून उड्या मारायच्या असतात, त्या मांड्यांचा कस काढतात. पिंग्यात पाठ आणि कंबर वाकते. श्वास, तोल, पायांची ताकद सगळे त्यात आहे आणि दमले की हसत बाजूला बसण्याची मुभाही. मुख्य म्हणजे सासरी मान खाली घालून वावरणाऱ्या पोरीला त्या रात्री घराच्या मधोमध ओरडता, नाचता येत होते.

मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण आणि काही पांढरपेशा घरांतली. पण गौरी-गणपतीतली फुगडी कोकणात सर्व जातींच्या बायका घालतात. पश्चिम महाराष्ट्रात हादगा किंवा भोंडला, आणि आमच्या विदर्भातल्या माणसांची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत. आजीने रायपूरला भुलाबाई मांडली तेव्हा शेजारच्या छत्तीसगडी बायका पाहायला आल्या, आणि दिवाळीच्या आधी त्या सुआ नाच घेऊन दारी आल्या तेव्हा आजी त्यांच्यात शिरली. टोपलीत मातीचा पोपट मधे ठेवून, वाकून टाळ्या वाजवत गोल फिरायचे. भाषा वेगळी होती, पण वाकणे आणि फिरणे तिच्या ओळखीचे होते.

गंमत म्हणजे फुगडी छत्तीसगडातही आहे, पण ती वेगळी. इथे उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे-मागे टाकायचे आणि हातही त्या तालात हलवायचे; आपल्या बसफुगडीच्या जवळची. २०२२ साली सुरू झालेल्या छत्तीसगडिया ऑलिम्पिकमध्ये गेडी, भौंरा, पिट्ठुल यांच्याबरोबर फुगडीही होती, आणि चाळीस वर्षांवरच्यांसाठी वेगळा गट होता. एरवी खेळाच्या स्पर्धांत चाळिशीच्या बाईला प्रेक्षकांतच जागा असते, म्हणून ही नोंद करते.

नेसण्याचाही संबंध आहे. काष्टा घातलेल्या नऊवारीत मांडी घालता येते, उकिडवे बसता येते, धावता येते. गोल नेसण्याची साडी शहरांतून रूढ झाली तेव्हा चालणेही लहान पावलांचे झाले, असे माझे निरीक्षण आहे.

कसरत म्हणून कसरत

ठरवून, शरीरासाठी म्हणून केलेला व्यायाम बायकांमध्ये फार थोड्यांच्या वाट्याला आला. त्याचे एक उत्तम मराठी साधन म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. हकिकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिली आणि पुस्तक १९०७ साली छापले गेले. राणी लक्ष्मीबाईंना कसरतीचा शौक होता, त्या पहाटे मलखांब करीत आणि मग घोडा फिरवीत, असे ते सांगतात. एक मूल गमावलेली आणि दत्तक मुलाचा सांभाळ करणारी ही आई होती. पण तिचे बालपण बिठूरला पेशव्यांच्या परिवारात गेले होते, जिथे मलखांबाचे नामांकित उस्ताद बाळंभट देवधर यांची परंपरा होती. तिचे दळण दुसरे कोणी करत होते, हेही विसरू नये.

विसाव्या शतकात चित्र बदलते. औंधचे राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला, आणि आपल्या घरातल्या बायकांनाही त्यात ओढले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर लिहिले आणि १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक संपादित केले. त्याच १९३६ साली विजयादशमीला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती सुरू केली. तिथे कवायत आणि लाठी शिकणाऱ्यांत संसारी बायकाही होत्या. केळकर स्वतः विधवा आणि मुलाबाळांच्या आई होत्या. त्या संघटनेच्या विचारांबद्दल तुमचे मत काहीही असो, प्रौढ बाईने मैदानावर येऊन शरीर कमावणे ही त्या काळच्या वर्ध्यात नवी गोष्ट होती.

या सगळ्यांत एक समान धागा दिसतो. ज्या घरांत नळ, पिठाची गिरणी किंवा गडीमाणसे आली, त्या घरांत 'बायकांना व्यायाम हवा' ही चर्चा आधी सुरू झाली. जाते बंद झाले तेव्हा व्यायामाचा प्रश्न जन्माला आला.

कोण दिसते, कोण दिसत नाही

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने विमानांचा एक प्रश्न सोडवला होता. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा जिथे आहेत तिथे चिलखत लावू नका, जिथे नाहीत तिथे लावा. कारण तिथे गोळी लागलेली विमाने परत आलीच नाहीत. आजीबद्दल बोलताना मला वाल्ड आठवतो. ऐंशीव्या वर्षी ताठ चालणारी आजी आपल्याला दिसते, कारण ती उरली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाचा अंदाज असा, की दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता मरत होत्या. २०१८–२० मध्ये भारताचा आकडा दर लाखाला ९७ होता. त्याच मापाने भोर समितीच्या काळचा दोन हजार होईल. त्या बायकाही दळत होत्या, पाणी भरत होत्या.

श्रमाने बाळंतपण सोपे होते हा समजही तपासून घ्यावा. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉक्टर कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. पडद्यातल्या बायकांची हाडे मऊ होऊन कटिर वाकडे होई आणि बाळंतपण जिवावर बेते. होड्यांवर राहणाऱ्या बायकांना तो त्रास नसे. यात हालचालीचा वाटा होता, पण मोठा वाटा उन्हाचा होता. तेव्हा 'आजी काम करायची' याबरोबर 'आजी कुठे काम करायची' हेही विचारावे.

बाळंतिणीला विश्रांती हवी हे समाजाला ठाऊक होते. सव्वा महिना बाजेवर, शेक, मालिश, पोट बांधणे, डिंक-अळिवाचे लाडू. इकडे छत्तीसगडात कांके पानी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवणे ही त्याचीच सोय. पण चौथ्या-पाचव्या बाळंतपणाला माहेर उरत नसे, आणि मजुरी करणाऱ्या बाईला सव्वा महिना परवडत नसे.

माझ्या आजीचे शेवटचे बाळंतपण रायपुरात झाले. बाराव्या दिवशी तिने विहिरीवरून पाणी आणले, कारण आणणारे दुसरे कोणी नव्हते. तिचे अंग बाहेर येऊ लागले. हे तिने जवळजवळ तीस वर्षे कोणाला सांगितले नाही. सांगितले तेही फक्त माझ्या आईला. तोवर घरात आम्ही सगळे तिच्या काटकपणाचे दाखले देत होतो. बाळंतपणानंतर लवकर जड उचलल्याने असे होऊ शकते हे आज कुठलीही परिचारिका सांगते. आजी भुलाबाईत नाचायची थांबली ती साल मोजून पाहिले तर तेव्हापासूनच. आम्हाला वाटले होते, वय झाले.

तिचे जाते आमच्या गच्चीवर आहे. त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली आहे.

स्वाध्याय

आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या सत्तर वर्षांवरच्या एका बाईशी बोला. "तुम्ही पूर्वी किती तंदुरुस्त होता?" असे विचारू नका, उत्तर तुम्हाला आवडेल तेच मिळेल. त्याऐवजी विचारा : किती वाजता उठायचात, जात्यावर समोर कोण बसायचे, ढेंकी, मुसळ की गिरणी, आणि गिरणी गावात कधी आली, पाणी किती लांबून, कुठला खेळ खेळायचात आणि तो कधी सुटला, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी हंडा उचलला. शेवटचा प्रश्न मुलींनी विचारावा, खोलीत दुसरे कोणी नसताना. उत्तर द्यायचे नसेल तर आग्रह करू नका, आणि लिहिताना त्यांचे नाव घालू नका.