पाचशे रुपयांत चारशे छप्पन्न उमेदवार

३० एप्रिल २०१६ ला इथेरियम या ब्लॉकचेनवर ‘द डीएओ’ नावाची संस्था उघडली. तिला ना कार्यालय, ना अध्यक्ष, ना सेक्रेटरी. इथर हे तिथलं चलन भरायचं, टोकन घ्यायचे आणि टोकनांच्या प्रमाणात मत द्यायचं. बाकी सगळी घटना कोडमध्ये. महिनाभरात तिच्यात पंधरा कोटी डॉलरच्या घरात रक्कम जमली. हा कोड लिहिणारे ख्रिस्तोफ येंट्श आणि त्यांच्या ‘स्लॉक डॉट इट’ या जर्मन कंपनीतली मंडळी यांनी एक गोष्ट आधीच हेरली होती: दारावर कुणी नसेल तर वाटेल तो उठेल आणि वाटेल तो प्रस्ताव टाकेल. म्हणून प्रस्ताव नोंदवतानाच काही इथर अनामत ठेवायची अट त्यांनी घातली. ती नसेल तर व्यवहार तिथल्या तिथे रद्द. मतदानात कोरम भरला तर अनामत परत, मग प्रस्ताव पडला तरी हरकत नाही. कोरमच भरला नाही तर अनामत संस्थेच्या खात्यात जमा.

मी हा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. मी बेळगावचा.

१९९६ च्या लोकसभेला आमच्या मतदारसंघात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. ही युक्ती नवी नव्हती. १९८५ च्या विधानसभेलाच बेळगाव शहरात ३०१ जण उभे होते. आमच्या गल्लीतून शिवणकाम करणारे एक काका उभे राहिले. त्यांच्या अनामतीसाठी गणपतीची काढतात तशी वर्गणी निघाली, दहा-दहा, वीस-वीस रुपयांची. काकांनी प्रचार केला नाही, दुकानही एक दिवस बंद ठेवलं नाही. अर्ज भरायला जाताना मात्र इस्त्रीचा सदरा घातला आणि नोटा पुन्हा पुन्हा मोजल्या. डिपॉझिट जप्त होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, किंबहुना ते धरूनच वर्गणी काढली होती. हरण्यासाठीच उभ्या राहिलेल्या माणसाला अनामतीचा धाक कसला?

ही अनामत आपल्याकडे इंग्रजांच्या वळणाने आली. ब्रिटनने १९१८ च्या कायद्यात उमेदवाराकडून दीडशे पौंड घ्यायला सुरुवात केली. एक अष्टमांश मतं पडली नाहीत तर ते सरकारजमा. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने लोकसभेला ५०० रुपये, विधानसभेला २५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याच्या निम्मे अशी रक्कम ठरवली. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर जप्त. १९५१ साली पाचशे रुपयांत चार तोळ्यांहून जास्त सोनं येत होतं. १९९६ साली जेमतेम एक ग्रॅम. पंचेचाळीस वर्षं आकडा तोच राहिला आणि त्यातला दम निघून गेला. बेळगावच्या ४५६ जणांची सगळी अनामत एकत्र केली तरी ती २,२८,००० रुपयांच्या वर जात नाही. दिल्लीपर्यंत पोहोचणारी जाहिरात याहून स्वस्तात कुठे मिळाली असती? त्याच वर्षी नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, तिथल्या फ्लोराइडच्या पाण्याला कंटाळलेले. तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांमुळे आकडा १,०३३ वर गेला आणि मतपत्रिकेची चक्क पुस्तिका छापावी लागली.

मग संसदेला जाग आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने लोकसभेची अनामत १०,००० झाली, विधानसभेची ५,०००. शिवाय मान्यताप्राप्त पक्षाचा नसेल त्या उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. देशभरातले उमेदवार १९९६ मध्ये १३,९५२ होते, १९९८ मध्ये ४,७५०. याचं श्रेय सगळे वाढीव रकमेला देतात. माझ्या मते दहा सह्यांनी निम्मं काम केलं असावं. पाचशेचे दहा हजार झाले तरी वर्गणी निघू शकते, पण आपलं नाव-पत्ता यादीतून शोधून कागदावर लिहून देणारी दहा माणसं जमवायची म्हणजे दारोदार फिरावं लागतं. पुढे लोकसभेची अनामत २५,००० झाली, तरी २०१९ ला निजामाबादेत हळद आणि ज्वारीच्या भावासाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी उभे राहिलेच. अनामतीने हौशी मागे सरतो. चिडलेला सरत नाही.

आता ‘द डीएओ’कडे. तिथे एका जातीच्या प्रस्तावाला अनामत माफ होती. ज्याला आपला वाटा घेऊन वेगळं व्हायचं आहे, त्याने मांडायच्या फुटीच्या प्रस्तावाला. बाहेर पडणाऱ्याला अडवायचं नाही, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. त्यामुळे असे प्रस्ताव ढिगाने पडले. त्यातल्या ५९ व्या प्रस्तावाला कुणी ‘लोनली, सो लोनली’ असं रडवं नाव दिलं होतं. १७ जून २०१६ ला त्याच प्रस्तावाच्या वाटेने ३६ लाख इथर निघून गेले. न्यायाने सांगायचं तर दोष अनामतमाफीचा नव्हता. पैसे दिल्याची नोंद करण्याआधीच पुन्हा पैसे मागता येत होते, ही चूक वाटणी करणाऱ्या कोडमध्ये होती, आणि एवढ्या घबाडासाठी चोराने अनामतही हसत भरली असती.

या धड्यानंतर आलेल्या मोलोक डीएओने, म्हणजे २०१९ साली अमीन सुलेमानी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या संस्थेने, अनामत भक्कम ठेवली: दहा इथर. ती परत मिळे. फक्त निकाल लावण्याचा व्यवहार जो करेल त्याला त्यातून ०.१ इथर मेहनताना. पण खरी गाळणी वेगळीच होती. प्रस्ताव फक्त सभासदच मांडू शकत होता. बाहेरच्याला आधी एखाद्या सभासदाला पटवावं लागे, आणि दहा इथर त्या सभासदाचे अडकत. सूचकाच्याच खिशातून अनामत घ्यायची ही कल्पना १९९६ च्या संसदेला सुचली असती तर आमची गल्ली अडचणीत आली असती.

डॅश या आभासी चलनाची रीत उलटी. तिथे २०१५ पासून प्रत्येक प्रस्तावाला पाच डॅश जाळावे लागत. परत काहीच नाही, जिंका किंवा हरा. मराठेशाहीत जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत, तसा दोन्हीकडून वसुलीचा प्रकार. सुरुवातीला पाच डॅश म्हणजे दहा-पंधरा डॉलर. डिसेंबर २०१७ मध्ये एका डॅशचा भाव हजार डॉलरच्या वर गेला आणि तीच फी पाच हजारांहून जास्त झाली. रुपयातली अनामत बसल्या जागी झिजते. टोकनातली बसल्या जागी फुगते. आकडा दोन्हीकडे कुणी हलवलेला नसतो. डॅशने पुढे फी एक डॅशवर आणली खरी, पण तोवर लोकांनी आपला मार्ग काढला होता. खर्चाच्या अंदाजपत्रकातच ‘प्रस्ताव फी: पाच डॅश’ अशी ओळ घालून ते कोषातूनच परत मागत.

कॉसमॉस हब या ब्लॉकचेनवर मार्च २०१९ मध्ये तिथल्या चलनात ५१२ अ‍ॅटम अनामत ठरली. तेव्हाच्या भावाने दोन-अडीच हजार डॉलर. मे २०२१ मध्ये दहा हजारांच्या पुढे. त्याच वर्षी ती ६४ वर उतरवली. तिथला चांगला भाग असा की अनामत एकट्याने भरायची नव्हती. कुणीही थोडे टाकून प्रस्ताव उघडायचा, चौदा दिवसांत बाकीचे लोक भर घालतील, काकांच्या वर्गणीसारखंच. आणि नेमकी तीच फट लबाडांना सापडली. चिमूटभर अ‍ॅटम टाकून ते प्रस्ताव उघडत. मतदानापर्यंत जायचं त्यांच्या मनातही नसे. वॉलेटच्या पडद्यावर चौदा दिवस नाव दिसलं की झालं. माझ्याही वॉलेटात एका सकाळी खऱ्या प्रस्तावांच्या रांगेत ‘मोफत टोकन मिळवा’ असं शीर्षक आणि खाली दुवा आला. ज्याने तो दाबून सही केली त्याचं खातं रिकामं. अशा माणसाला अनामत बुडण्याचं दुःख नाही, तो तिला छपाईखर्चात धरतो. बेळगावच्या ४५६ जणांचाही हिशेब हाच होता, हेतूत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पुढे कॉसमॉसच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच हप्त्याला किमान टक्केवारीची सोय आली, हबची अनामत पुन्हा वाढून २५० अ‍ॅटम झाली आणि वॉलेटवाल्यांनी अनामत न भरलेले प्रस्ताव दाखवणं बंद केलं. या तिन्हींत शेवटचा उपाय, ज्यात कुणाला एक पैसा भरावा लागला नाही, तोच मला सर्वांत लागू पडलेला दिसतो.

पोल्काडॉट या ब्लॉकचेनने जून २०२३ मध्ये प्रस्तावांची नवी पद्धत आणली तेव्हा अनामतीचे दोन टप्पे केले. प्रस्ताव दाखल करायला तिथल्या चलनाचा एक डॉट, तो निर्णयाला घ्यायला आणखी, आणि किती ते विषयाच्या वजनावर. सर्वांत वरच्या ‘रूट’ वर्गाला एक लाख डॉट, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण पाच लाख डॉलर. ती रक्कम प्रस्ताव मांडणाऱ्यानेच भरावी असं नाही, कुणीही भरू शकतो. एक लाख डॉट मोकळे असलेली माणसं थोडी आहेत. त्यामुळे एखाद्याला रूटला काही मांडायचं असेल तर मजकूर लिहायला बसण्याआधी तो त्यांच्यापैकी कुणाची तरी भेट मागतो.