तळटीप १४ : काळी कपिला
१४. ‘कपिला’ म्हणजे एरवी तांबूस-पिंगट गाय, त्यामुळे पनवेलच्या गोठ्यातली ‘काळी कपिला’ वाचकाला खटकेल. येथे रंग नव्हे, ‘कोकण कपिला’ ही जात अभिप्रेत आहे. तिच्यात तांबडी, काळी, पांढरी, करडी अशी सगळीच जनावरे सापडतात. चण लहान, बांधा घट्ट. दूध बेताचे, पण दमट उकाड्यात आणि भातखाचराच्या चिखलणीत टिकणारी. वर्षानुवर्षे तिला नुसतीच ‘गावठी’ म्हटले गेले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१८मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली; ती फार आधीच व्हायला हवी होती.