असीरगडची एक दिवसाची तयारी

पाहुणे आले की आम्हां बुऱ्हाणपूरकरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहिल्या दिवशी शाही किल्ला, जामा मशीद आणि कुंडी भंडारा. संध्याकाळी मावा जिलेबी. दुसऱ्या दिवशी असीरगड. खंडव्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की सातपुड्याच्या रांगेतून एक डोंगर वेगळा निघून उभा राहिलेला दिसतो, चारी बाजूंनी तासलेला. पावसाळ्यात खालच्या खोऱ्यात ढग उतरले की तो बेटासारखा वर तरंगतो. पाहुणे खिडकीतून बोट दाखवतात, वर जातात, फोटो काढतात, आणि चार वाजायच्या आत खाली येतात. घरी आल्यावर विचारलं, काय पाहिलं, तर एकच उत्तर मिळतं: "अश्वत्थाम्याचं मंदिर."

या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नणंदेची मुलगी पुण्याहून मुलांना घेऊन येणार आहे. फोनवर तिचाही पहिला प्रश्न तोच, "मामी, अश्वत्थामा खरंच दिसतो का हो तिथे?" लोक सांगतात की तो पहाटे येऊन गुप्तेश्वर महादेवाला फूल वाहून जातो. श्रद्धेची गोष्ट आहे, मी तिच्याशी वाद घालत नाही. पण ज्याला मरण नाही अशा एकाच्या गोष्टीपायी, त्या गडावर खरोखर जगले-मेले त्यांची नावंही कुणाला सांगता येऊ नयेत, याचं मला वाईट वाटतं. म्हणून यंदा सहल मी माझ्या पद्धतीने आखली आहे. डब्याची यादी नंतर, आधी गोष्टींची यादी.

आधी गड समजून घ्या. तळापासून माथा अडीचशे मीटरहून उंच आहे. चढताना तीन टप्पे लागतात: खालचा मलयगड, मधला कमरगड आणि सर्वांत वर असीरगड. उत्तरेला नर्मदेचं खोरं, दक्षिणेला तापीचं, आणि मधल्या सातपुड्यातून जाणारी जुनी वाट या डोंगराच्या पायथ्याशी. उत्तरेतून दख्खनला फौज न्यायची तर या गडाच्या नजरेखालून न्यावी लागे. म्हणूनच त्याला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. वर नदी नाही, ओढा नाही. जे काय पाणी ते पावसाचं, तळ्यांत आणि टाक्यांत साठवलेलं. बाईमाणसाला हे लगेच कळतं. ज्या घरात पाणी पुरवून वापरावं लागतं, त्या घराचे दिवस मोजलेले असतात.

आम्ही तीन ठिकाणी थांबणार आहोत, आणि तिन्ही ठिकाणी एकेका किल्लेदाराची गोष्ट सांगायची आहे.

पहिली सर्वांत खालच्या दरवाजाशी. हा गड आसा अहीर नावाच्या गवळीराजाचा, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. आसा म्हणजे गुराढोरांचा, धान्याच्या कोठारांचा धनी. दुष्काळात त्याने लोकांना जगवलं असं म्हणतात. खानदेशच्या फारुकी घराण्यातला नसीरखान 1399 मध्ये गादीवर आला. त्याने आसाला निरोप धाडला: शत्रू माझ्यावर चालून येताहेत, माझ्या घरच्या बायकांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने होकार दिला. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या, आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचं स्वागत केलं. दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांतून तलवारी उपसलेले शिपाई बाहेर पडले. आसा आणि त्याची मुलं पाहुण्यांची विचारपूस करायला सामोरी आली होती, तिथेच मारली गेली. याच नसीरखानाने पुढे शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने आमचं शहर वसवलं.

डोल्यांची अशी कथा हिंदुस्थानातल्या बऱ्याच किल्ल्यांबद्दल सांगतात, तेव्हा तिच्यातलं खरं किती हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मला नेहमी पहिल्या दिवशीच्या बायका आठवतात. दुसऱ्या दिवशी काय होणार हे त्यांना ठाऊक होतं का? आसाच्या घरात त्यांनी रात्री जेवण घेतलं असेल. फिरिश्त्याला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपल्याला आहे.

दुसरा थांबा वर, जामा मशिदीच्या अंगणात. तिथे सावली आहे आणि ही गोष्ट मोठी आहे. फारुकींची एक रीत होती. गादीवर एक बसला की घराण्यातल्या बाकीच्या पुरुषांना असीरगडावर नजरकैदेत ठेवायचं. राजा अलीखान हा शहाणा राजा. बुऱ्हाणपूरची जामा मशीद त्याचीच. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो मुलांना आदल्या दिवशी दाखवायचा. 1597 मध्ये तो मोगलांच्या बाजूने दख्खनच्या फौजांशी लढताना पडला. मग गडावर वाढलेला त्याचा मुलगा बहादूरखान खाली आला आणि राजा झाला. ज्याने जग भिंतीआडून पाहिलं, त्याच्यासमोर अकबर उभा ठाकला. अकबराने बोलावलं तर बहादूर गेला नाही, आणि पुन्हा गडावरच जाऊन बसला.

1600 च्या उन्हाळ्यात अकबर बुऱ्हाणपुरात येऊन राहिला. वेढा पडला. ऑगस्टमध्ये तिकडे अहमदनगर पडलं, चांदबिबी मारली गेली, तरी असीर उभाच. खालचा टप्पा गेला, वरचा हलेना. तोफा, दारू, धान्य, तेल, सगळं भरपूर होतं, पण माणसं आणि जनावरं इतकी कोंडली होती की गडावर साथ पसरली. जानेवारी 1601 मध्ये गड अकबराच्या हाती आला. कसा आला, याच्या दोन हकिकती आहेत. अबुल फजल या मोहिमेत स्वतः होता. तो साथीचं, गडावरच्या लोकांच्या खचण्याचं आणि बहादूरच्या शरण येण्याचं सांगतो. त्याच्या लिहिण्यात बहादूरने तहासाठी आपल्या आईला आणि लहान मुलाला हत्तींसह अकबराकडे पाठवल्याचाही उल्लेख आहे. दुसरी हकीकत अकबराच्या छावणीतल्या जेरोम झेवियर या जेझुइट पाद्र्याच्या पत्रांवरून आलेली. ती म्हणते, अकबराने शपथ देऊन बहादूरला बोलणीसाठी खाली बोलावलं आणि परत जाऊ दिलं नाही. मग पोर्तुगीजांकडे तोफा मागितल्या, त्याही मिळाल्या नाहीत. शेवटी गडावरच्या सरदारांना सोनं-रुपं वाटलं, आणि दरवाजे उघडले.

इतिहासकार यावर अजून भांडतात. व्हिन्सेंट स्मिथने पाद्र्याची बाजू घेतली, इतरांनी अबुल फजलची. मला विचाराल तर दोघांची गरज वेगळी होती. एकाला बादशहाची कीर्ती लिहायची होती, दुसऱ्याला परदेशी वरिष्ठांना बातमी कळवायची होती. पण दोन्हीकडे एक माणूस सापडतो: म्हातारा हबशी किल्लेदार मलिक याकूत. गड देऊ नका म्हणत राहिलेला, आणि कुणी ऐकत नाही असं दिसल्यावर स्वतःचा जीव घेणारा. त्याचा मुलगाही त्याच दिवसांत गेला. अकबराने या विजयाची सोन्याची मोहोर पाडली, तिच्यावर ससाणा कोरलेला आहे. फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर खानदेशच्या विजयाचा लेख आहे. खानदेशचं नावही काही काळ शहजादा दानियालवरून 'दानदेश' झालं. याकूतच्या नावाचा मात्र एक दगडही नाही. आणि तो परमुलखातून आलेला, कदाचित कधीकाळी विकला गेलेला माणूस. ज्यांचं राज्य होतं ते खाली उतरले, हा उतरला नाही.

ही गोष्ट झाली की डबे उघडायचे. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं आणि दराबा. पाणी गाळून-उकळून घरूनच, माणशी दोन बाटल्या. वर काही मिळेल या भरवशावर जाऊ नये. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत, म्हणून चारला परत फिरायचं हे नक्की. जिना चढताना सासूबाईंच्या वयाच्या कुणी असतील तर मध्ये दोनदा बसवावं. वाकड्या दगडांवर नवीन चपला नकोत.

मधला काळ भराभर सांगून टाकीन. 1681 मध्ये संभाजीराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं, पण असीरगड मोगलांकडेच राहिला. 1720 मध्ये तो निजामुल्मुल्काने घेतला. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो पेशव्यांकडे, आणि पुढे शिंद्यांकडे आला. 1803 च्या ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बुऱ्हाणपूर आणि पाठोपाठ गड घेतला, पण वर्षाच्या शेवटी सुर्जी-अंजनगावच्या तहात तो शिंद्यांना परत मिळाला.

तिसरा थांबा तटाच्या कडेला, इंग्रजांच्या पडक्या बराकींच्या अलीकडे. इथली गोष्ट आपल्या मराठी माणसाची, आणि तीच कुणी सांगत नाही. पेशवाई बुडाली होती. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले होते. 1819 च्या आरंभी ते असीरगडाकडे आले. सोबत चितू पेंढारी होता. चितूला पुढे रानात वाघाने मारलं. हे जंगल किती घनदाट होतं ते त्यावरून कळावं. गडाचे किल्लेदार होते शिंद्यांचे यशवंतराव लाड. वरवर दौलतराव शिंदे इंग्रजांचे मित्र, आणि गड रिकामा करून द्या असा हुकूम आलेला. यशवंतरावांनी गड दिला नाही. जनरल डव्हटन आणि सर जॉन माल्कम मोठ्या फौजेनिशी आले. मार्चमध्ये तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या मोर्चात दारूचा साठा उडाला आणि त्यात त्यांचे पुष्कळ हिंदी शिपाई गेले. आत अरब, सिंधी, मकराणी मिळून हजार-बाराशे माणसं. 9 एप्रिलला दारूगोळा संपत आल्यावर यशवंतराव खाली उतरले.

त्यांच्या कागदांत एक पत्र सापडलं. खुद्द दौलतरावांचं. त्यात आप्पासाहेबांना मदत करा, असं बजावलं होतं. म्हणजे उघड हुकूम एक आणि खाजगी हुकूम दुसरा. यशवंतराव खऱ्या हुकमाला जागले, आणि त्यांच्या इमानाच्याच पुराव्यावर इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला. आप्पासाहेब निसटून पंजाबकडे गेले आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. शिंद्यांचं राज्य टिकलं. आसाकडे पाहुणा म्हणून शत्रू आला, याकूतला त्याच्याच लोकांनी एकटं सोडलं, आणि लाडांना धन्याच्या कागदाने गोत्यात आणलं. इतक्या उंच भिंती बांधल्या त्या बाहेरच्यासाठी, आणि तिन्ही वेळा खोट आतल्या शब्दात निघाली.

एवढं ऐकवून मुलं कंटाळतील, असं आमच्याकडे सगळ्यांचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. पुण्याच्या मुलांना सिंहगड, पन्हाळा तोंडपाठ असतात. मध्य प्रदेशात गेलेल्या या गडावर एक मराठी किल्लेदार तीन आठवडे लढला, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आम्ही सीमेवरची माणसं. 1956 मध्ये नकाशा बदलला आणि आमचा इतिहास दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांच्या मधल्या फटीत पडला. तो घरातल्यांनीच उचलून द्यायला हवा.

तेव्हा तुम्हीही येणार असाल तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत या. पळस फुलला की डोंगर लालभडक दिसतो. चैत्रानंतर मात्र आमच्याकडचं ऊन सोसवत नाही. सकाळी सातला निघा. मंदिरात नमस्कार करा, अश्वत्थाम्याचीही विचारपूस करा. उतरण्याआधी दहा मिनिटं तटावर बसा आणि मुलांना तीन नावं पाठ करायला सांगा: आसा अहीर, मलिक याकूत, यशवंतराव लाड.