फुरसे, सडा आणि सरकारी बक्षीस

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास इंग्रज सरकार रोख बक्षीस देत असे. मारलेल्या फुरशांचा आकडा लाखांत गेला. तरी कोकणातून फुरसे हटले नाही. असे का झाले, हे कळण्यासाठी हा साप आणि त्याचे घर दोन्ही पाहायला हवीत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली भारतीय सर्पांवर सचित्र ग्रंथ काढला. त्यात तमिळ प्रदेशातील आरणीच्या फुरशाचे वर्णन आहे. त्यावरून जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी १८०१ मध्ये त्याला 'कॅरिनेटस' म्हटले. लॅटिनमध्ये 'कॅरिना' म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. फुरशाच्या पाठीवरच्या खवल्यांवर तसाच उंच कणा असतो. कुशीवरचे खवले तिरपे व दातेरी असतात. डिवचल्यावर फुरसे वेटोळी एकमेकांवर घासते, तेव्हा करवतीसारखा खरखराट होतो. हे फूत्कारणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे.

लांबी जेमतेम हात-दीड हात, रंग तपकिरी, कुशीवर पांढुरकी नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण, बाहुली उभी. हा रंग कोकणच्या सड्यावर, तांबूस जांभ्यात पार मिसळून जातो. जांभ्याची भोके, सुटे दगड आणि गडग्यांच्या फटी यांत ते दिवसा दडते व रात्री बाहेर पडते. शिवाय फुरशी अंडी न घालता थेट पिले देते. बक्षिसासाठी सापडत ती दगड उलटून हाती लागलेली फुरशी. सगळा सडा उलटणार कोण? आमच्या मते मोहीम फसली ती इथे. सरकारने साप मोजले, जमीन पाहिली नाही.

अनवाणी गवत कापणाऱ्यांना आणि दगड उचलणाऱ्यांना याचा दंश अधिक होतो. विषाने रक्तातील गोठण्याचे घटक खर्ची पडतात व हिरड्यांतून, जखमांतून रक्त झिरपते. कधी हे काही तासांनी दिसते, म्हणून 'छोटा साप' म्हणून वाट पाहणे घातक ठरते. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. रुग्णालयात काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी कलंडवतात. रक्त पातळच राहिले असेल, तर डॉक्टर लस द्यायला थांबत नाहीत.