कंडरेची शिवण आणि हालचालीचे औषध

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीस कंडरा म्हणतात. बोट मिटते ते कोपर आणि मनगट यांच्यामधल्या स्नायूंच्या ओढीने. ती ओढ बोटाच्या टोकापर्यंत कंडराच नेते. ती तुटली की सुताराचा रंधा थांबतो आणि शिंप्याची कात्रीही.

ही दोरी शिवावी की नाही, याविषयी वैद्यक दीर्घकाळ साशंक होते. दुसऱ्या शतकातील गेलन कंडरेत मज्जातंतूचा अंश मानीत असे. तीत सुई टोचल्यास झटके येतील, ही भीती त्यातून रुजली. पुढे इब्न सीना (९८०–१०३७) याने शिवण्याचाच सल्ला दिला.

निर्जंतुक शस्त्रक्रियेमुळे शिवणे सुरक्षित झाले; परंतु नवीच अडचण उभी राहिली. बोटातील अरुंद खोळीत शिवलेली कंडरा सांधे, पण भोवतालास चिकटून बसे आणि बोट ताठच राही. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल (१८८२–१९५७) यांनी या भागास ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. तेथे लगेच टाके न घालता जखम भरू द्यावी व मागाहून दुसरी कंडरा बसवावी, असे त्यांचे मत होते.

१९६७ साली लुईव्हिलचे हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी याच निषिद्ध भागातील तत्काळ शिवणीचे यश जाहीर केले, तेव्हा समव्यवसायी विश्वास ठेवीनात. रोगी प्रत्यक्ष तपासल्यावर मात्र शंका फिटली. नाजूक शिवणीला त्यांनी रबराच्या साध्या पट्ट्याची जोड दिली होती. रोगी बोट स्वतः उघडी, पट्टा ते मिटवी. टाक्यांवर ताण न येता कंडरा सरकत राही. योग्य हालचालीने कंडरा अधिक बळकट सांधते व कमी चिकटते, हे पुढे प्राण्यांवरील प्रयोगांतही दिसून आले.

त्यानंतर हायलुरॉनिक आम्ल, वाढीस चालना देणारी प्रथिने, रोग्याच्याच रक्तातील बिंबिका असे अनेक पूरक उपाय पुढे आले. प्रयोगशाळेत त्यांनी आशा दाखविली. पण मापात राखलेल्या हालचालीची जागा त्यांपैकी एकानेही घेतलेली नाही.

हा उपाय स्वस्त खरा, पण वेळखाऊ. शस्त्रक्रिया एका दिवसात आटोपते. जड कामास मात्र सुमारे तीन महिने हात लावता येत नाही. रोजच्या मजुरीवर पोट असलेल्यास ते तीन महिने मिळतात की नाही, यावरच पुष्कळदा त्या बोटाचे भवितव्य ठरते.