चेकसम कुठे ठेवावा? फाइल साठवणुकीचा एक धडा

चेकसम म्हणजे डेटावरून गणिताने काढलेली छोटी संख्या. डेटा वाचताना ती पुन्हा काढायची. जुळली नाही, तर डेटा बिघडला असे समजायचे. १९६१ मध्ये पीटरसन आणि ब्राउन यांनी चुका शोधणाऱ्या चक्रीय संकेतांवर, म्हणजेच सीआरसीवर, शोधनिबंध लिहिला. पुढे हार्ड डिस्कच्या प्रत्येक सेक्टरसोबत तपासणीचे जादा बिट साठवले जाऊ लागले.

पण या रचनेत एक उणीव राहिली. समजा, डिस्कने नवा ब्लॉक लिहिलाच नाही, तरी ‘लिहिला’ असे कळवले. त्या जागी जुना डेटा आणि त्याचाच जुना चेकसम राहतो. दोन्ही एकमेकांशी जुळतात आणि चूक लपते.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये ओपनसोलॅरिसमध्ये आणलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने चेकसमची जागा बदलली. तो ब्लॉकसोबत न ठेवता, त्या ब्लॉककडे नेणाऱ्या वरच्या ब्लॉकमधील पॉइंटरमध्ये ठेवला. आता जुना ब्लॉक समोर आला, तरी वरच्या नोंदीशी तो जुळत नाही.

लक्षात ठेवा: चेकसम चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीसाठी मिररसारखी दुसरी चांगली प्रत हवीच.