वीज गेली तरी न विसरणारी चिप

मागे जो घोंघावणारा आवाज येतोय, तो वारा आहे. आजचा भाग आम्ही भंडारदऱ्याला, धरणाजवळ बसून रेकॉर्ड करतोय. लोक इथे काजवे बघायला येतात, आम्ही आलोय चिपची गोष्ट सांगायला. हसू नका, संबंध आहे.

प्रवरेवरचं हे विल्सन डॅम १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. इथलं पाणी नदीने खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. आवर्तन सुटलं की पाटकरी चाक फिरवतो, दार उघडतं, तो घरी जातो. दार जिथं ठेवलं तिथंच राहतं. आता असा पाट डोळ्यांसमोर आणा, जिथे प्रत्येक दाराशी एक माणूस रात्रंदिवस दार धरून उभा आहे. त्याला मजुरी द्यायची, उभं राहायला जागा द्यायची. आणि तो बसला, की कुठलं दार किती उघडं होतं हे कुणालाच आठवत नाही.

एफपीजीए नावाची चिप साधारण अशीच चालते.

साधी चिप कारखान्यातून निघताना जे काम शिकून येते, तेच जन्मभर करते. एफपीजीएमधल्या तारांची जोडणी मात्र आपण नंतर बदलू शकतो. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने एक्ससी२०६४ ही अशी पहिली चिप विकायला आणली. कल्पना रॉस फ्रीमनची. चिपमध्ये लॉजिकचे ठोकळे फक्त ६४, पण ट्रान्झिस्टर सुमारे ८५,०००. एवढे कशाला? तर जोडणीतला प्रत्येक स्विच उघडा की बंद, हे लक्षात ठेवायला एसरॅमची एकेक पेशी लागते, आणि आजच्या नेहमीच्या एसरॅम पेशीत सहा ट्रान्झिस्टर असतात. त्या काळी ट्रान्झिस्टर महाग होते, त्यामुळे लोकांना ही उधळपट्टी वाटली. फ्रीमनचा हिशोब सरळ होता: ट्रान्झिस्टर पुढे फुकटात पडतील. पडलेही. १९८९ मध्ये तो गेला, त्यामुळे पुढची भरभराट त्याला फारशी बघायला मिळाली नाही.

पण बिल नंतर आलं. ट्रान्झिस्टर जसे लहान होत गेले, तसे ते बंद असतानाही करंट झिरपू लागला. काम नसतानाही त्या लाखो पेशी वीज खातात. वीज तोडली तर सगळी जोडणी पुसली जाते, मग चालू करताना शेजारच्या फ्लॅशमधून ती परत भरा. बॅटरीवरच्या उपकरणाला हे जड जातं. एखाद्या डोंगरात बसवलेला सेन्सर घ्या. त्याला तासभर झोपून दोन सेकंद जागं व्हायचं असतं.

यावरचा उपाय म्हणजे पाटकऱ्याचं दार. दोन धातूंच्या मध्ये ऑक्साइडचा अगदी पातळ थर. एका दिशेने व्होल्टेज दिलं की आत एक बारीक वाट तयार होते आणि रोध कमी होतो. उलट दिलं की वाट तुटते. मधल्या काळात वीज लागत नाही. हीच रेझिस्टिव्ह मेमरी. ऑक्साइडचं हे वागणं १९६० च्या दशकातच दिसलं होतं. १९७१ मध्ये लिऑन चुआने 'मेमरिस्टर' कागदावर मांडला, आणि २००८ मध्ये एचपीच्या स्टॅनली विल्यम्सच्या गटाने टायटॅनियम ऑक्साइडमध्ये तो सापडल्याचं जाहीर केलं. (तो चुआचाच मेमरिस्टर का, यावर भांडण आहे. आपण त्यात पडायला नको.)

एफपीजीएशी हिचं छान जमतं. एक तर ती ट्रान्झिस्टरच्या वर, तारांच्या थरांमध्ये बसते, म्हणजे खालची जागा मोकळी. दुसरं, ती पुन्हा पुन्हा लिहून झिजते हे खरं, पण एफपीजीएची जोडणी आपण रोज थोडीच बदलतो? २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अशी चिप बनवून दाखवली. जपानच्या एनईसीने तांब्याच्या अणूंचा पूल बांधणारा स्विच वापरला, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची एफपीजीए रॅपिस-१ उपग्रहातून अवकाशात गेली. तिथे किरणोत्सर्ग एसरॅमचे बिट उलटवतो. तांब्याचा पूल सहजी हलत नाही.

मग अजून सगळीकडे का नाही? कारण लाखो पेशी एकसारख्या वागायला हव्यात. एकीची वाट जाड, दुसरीची बारीक असं चालत नाही. 'बंद' म्हणजे खरंच बंद हवं, नाहीतर झिरप पुन्हा मागच्या दाराने आत येते. माझ्या मते खरी अडचण शोधाची नाही, कारखान्याची आहे.

म्हणूनच मला आपल्याकडची एक छोटी गोष्ट मोठी वाटते. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीबरोबर एक मेमरी तयार केली आणि २०२१ मध्ये ती जाहीर झाली. ८ बिटांची. हो, फक्त आठ. एकदाच लिहिता येणारी. सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर व्होल्टेजने भेदायचा, की तो कायमचा भेदलेला राहतो. चिप बनताना राहिलेल्या बारीक चुका दुरुस्त करणारे आकडे त्यात लिहून ठेवतात. ही काही एफपीजीए नव्हे, आणि दार एकदा उघडलं की परत लागत नाही. पण ती १८० नॅनोमीटरच्या, भारतातल्या, चालू असलेल्या उत्पादनात बसते.

वारा वाढलाय, माईक ऐकेना झालाय. थांबतो इथेच. पुढच्या भागात भेटू.